वाचनाची गोडी कोण लावतो?

(संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



कार्यकारिणीचे लोक मला बोलावण्यासाठी घरी आले तेव्हा म्हणाले, "बाई, तुम्ही पुष्कळ वाचता. तुम्हांला कोणती पुस्तके आवडतात, कोणते सिनेमे आवडतात, एवढेच सांगा." मी म्हटले, मी लेखिका नाही, प्राध्यापिका नाही. टपाल खात्यात कारकुनी करून निवृत्त झालेली बाई आहे. माझ्या आवडीनिवडीत लोकांना काय रस असणार? ते म्हणाले, "तेच सांगा." म्हणून आज उभी आहे. पण बोलण्याच्या ओघात संस्थेच्या एका निर्णयाविषयीही मी बोलणार आहे, हे आधीच सांगून ठेवते. कोणी राग मानू नये.

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामगार होते. २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडला परमपूज्य बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली, त्या गर्दीत दादा होते. त्यानंतर काही महिन्यांनी माझा जन्म झाला. दादांचे शिक्षण मराठी चौथीपर्यंतचे. पण 'प्रबुद्ध भारत' घरी आला की कंदिलाजवळ बसून ते मोठ्याने वाचीत आणि चाळीतले आठ-दहा जण ऐकायला बसत. त्यांतल्या बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. दादा अडखळत वाचीत. एखादा कठीण शब्द आला की थांबत, पुन्हा मागे जात. लोक कंटाळत नसत. वाचणे ही एकट्याने कोपऱ्यात बसून करायची गोष्ट आहे, हे मला फार उशिरा कळले. आमच्याकडे एक जण वाची आणि दहा जण ऐकत.

आता माझी स्वतःची गोडी. येथे खरे बोलले पाहिजे. मोठमोठ्या ग्रंथांची नावे सांगून मी तुमच्यावर छाप पाडणार नाही. मला वाचनाचे वेड लावले ते बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांनी! झुंजार आणि काळापहाड यांच्यासाठी मी शाळेतून धावत येत असे. नाक्यावर एक पानवाला पुस्तके भाड्याने देई. दहा पैशांत एक दिवस. एका दिवसात पुस्तक संपले नाही तर दुसरे दहा पैसे कोठून आणायचे? म्हणून मी भराभर वाचायला शिकले. आज कोणी माझ्या वाचनाच्या वेगाचे कौतुक केले, की मला तो पानवाला आठवतो.

त्या पानवाल्याकडेच एके दिवशी अण्णाभाऊ साठे यांची 'फकिरा' मिळाली. मी ती रहस्यकथा समजूनच उचलली होती. दीड दिवस शाळेत गेलेल्या माणसाने लिहिलेली ही कादंबरी १९५९ साली प्रसिद्ध झाली आणि अण्णाभाऊंनी ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली, हे मला पुढे कळले. तेव्हा एवढेच कळले, की आपल्यासारख्या वस्तीतला माणूस पुस्तकाचा नायक असू शकतो. घोड्यावर बसू शकतो. त्या रात्री दादांनी 'फकिरा' मोठ्याने वाचायला घेतली. पुस्तक चार दिवस राहिले. चाळीस पैसे दादांनी दिले आणि त्याबद्दल आईने त्यांना ऐकवलेही.

माता-भगिनींनो, १९७१ साली मी मॅट्रिक झाले आणि सकाळच्या महाविद्यालयात नाव घातले. तेथील ग्रंथालयात पहिल्याच आठवड्यात मी कथासंग्रह मागितला. खिडकीतल्या गृहस्थांनी माझा फॉर्म पाहिला, नाव पाहिले आणि म्हणाले, "तुम्हांला क्रमिक पुस्तके मिळतात ना पुस्तकपेढीतून? मग हे कशाला?" त्यांनी शिवी दिली नाही. आवाजही चढवला नाही. पण मी त्यानंतर तीन महिने त्या खिडकीकडे गेले नाही. आम्ही शिकायचे ते पोटापुरते, नोकरीपुरते. गोष्टी-कवितांचा शौक आम्हांला कशाला, असा त्या प्रश्नाचा अर्थ होता. हे वाक्य लक्षात ठेवा. शेवटी मला त्याच्याकडे परत यायचे आहे.

तीन महिन्यांनी मला त्या खिडकीशी परत नेले ते मराठी शिकवणाऱ्या आमच्या बाईंनी. त्यांचे नाव मी येथे घेत नाही, त्यांना ते आवडले नसते. वर्गात त्यांनी 'कथासंग्रह कोणी कोणी वाचला?' असे विचारले. मी गप्प. तास संपल्यावर त्यांनी मला थांबवले, कारण विचारले आणि काहीही न बोलता माझ्याबरोबर ग्रंथालयात आल्या. स्वतःच्या नावावर दोन पुस्तके काढली आणि माझ्या हातात ठेवली. "वाचून झाली की मला आणून दे. आणि काय वाटलं ते सांग. आवडलं नाही तर तसं सांग."

'आवडलं नाही तर तसं सांग' हे मला आजवर कोणी म्हटले नव्हते. शाळेत धडा आवडायचाच असतो!

त्या दोन पुस्तकांपैकी एक होते श्रीपाद महादेव माटे यांचे 'उपेक्षितांचे अंतरंग', १९४१ सालचे. माटे पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात मराठी शिकवीत. अस्पृश्यांच्या वस्तीत जाऊन त्यांनी शाळा चालवल्या, म्हणून सनातनी पुणेकर त्यांना 'महार माटे' म्हणून हिणवीत. मी त्या कथा वाचल्या आणि रडले. बाईंना सांगितले, फार आवडल्या. बाई म्हणाल्या, "छान. आता एक सांग. या गोष्टींत निर्णय कोण घेतं?"

मला प्रश्नच कळला नाही. मी पुस्तक परत घरी नेले, पुन्हा वाचले. तेव्हा लक्षात आले, की या कथांतली माणसे सोसतात, मुकी राहतात, मरून जातात. त्यांच्या वतीने कळवळून बोलतात ते माटे. माट्यांचा कळवळा खरा आहे. मला आजही त्यांच्याविषयी आदर आहे. परंतु त्या कथांतले दुःख आमचे आणि आवाज माट्यांचा आहे. बाईंनी हे स्वतः सांगितले नाही. एक प्रश्न विचारला आणि मला शोधायला लावले.

बंधू-भगिनींनो, पन्नास वर्षांहून अधिक काळ मी तो एकच प्रश्न घेऊन वाचते आहे आणि चित्रपटही पाहते आहे.

शंकरराव खरात यांचेच उदाहरण घ्या. आटपाडीच्या महारवाड्यात जन्मलेले, पुण्यात शिकलेले, पुण्यात वकिली केलेले. मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि १९८४ साली जळगावच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांचे 'तराळ-अंतराळ' १९८१ साली आले. माणदेशाच्याच मातीतले दुसरे लेखक व्यंकटेश माडगूळकर. त्यांची 'बनगरवाडी' १९५५ सालची. एक तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो, एवढीच गोष्ट. ती मला अतिशय आवडते. काही कार्यकर्ते मला म्हणतात, "बाई, आपली एवढी आत्मचरित्रे असताना माडगूळकर कशाला?" मी म्हणते, दोन्ही वाचा. एकाच मुलखाचा दुष्काळ दोन दारांतून कसा दिसतो ते पाहा. एकाच दारातून पाहणाऱ्याला अर्धाच मुलूख दिसतो.

दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले, तेव्हा ते माझ्या टेबलाच्या खणात असे आणि मी दुपारच्या सुट्टीत वाचीत असे. पण घरात सर्वांत जास्त परिणाम केला तो बेबीताई कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' या पुस्तकाने. बेबीताई फलटणच्या. किराणा मालाचे छोटे दुकान चालवीत. पुड्या बांधायला आलेल्या रद्दीचे कागद आधी वाचायचे, मग त्यांत माल बांधायचा, असे त्यांचे वाचन. लिहिलेले कागद कित्येक वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले. मी हे पुस्तक आईला वाचून दाखवले. आई निरक्षर. ती मध्येच थांबवून म्हणे, "असं नव्हतं, आमच्याकडं जरा निराळं होतं," आणि स्वतःची हकिकत सांगू लागे. पुस्तक दीडशे पानांच्या आसपास, पण आम्हांला दोन महिने पुरले. आईने आयुष्यात कधी न सांगितलेल्या गोष्टी त्या दोन महिन्यांत सांगितल्या.

आता चित्रपटांविषयी. आमच्या वस्तीत पडदा लावून सिनेमा दाखवीत. पडद्याच्या मागच्या बाजूला बसले तर पैसे पडत नसत. नायक डावखुरा दिसे आणि पाट्या उलट्या दिसत, पण गाणी सरळच ऐकू येत! बिमल रॉय यांचा १९५९ सालचा 'सुजाता' मी असाच पाहिला. अस्पृश्य घरातली अनाथ मुलगी ब्राह्मण कुटुंबात वाढते. मी ढसाढसा रडले. पुढे बाईंचा प्रश्न मनात घेऊन तोच चित्रपट पुन्हा पाहिला. सुजाताचा स्वीकार केव्हा होतो? ती आपले रक्त देऊन आईचा जीव वाचवते तेव्हा. १९३६ सालच्या 'अछूत कन्या'त तर कस्तुरीला रेल्वेखाली जीवच द्यावा लागतो. आपल्या पुण्याच्या प्रभात कंपनीने १९३५ साली 'धर्मात्मा' काढला. संत एकनाथ महाराच्या घरी जेवायला जातात, अशी त्याची कथा. त्या काळात असा चित्रपट काढायला धैर्य लागले, हे मी मान्य करते. पण तेथेही दार उघडणारे एकनाथ. महाराने दारात उभे राहून वाट पाहायची.

हे चित्रपट टाकाऊ आहेत असे माझे म्हणणे नाही. तसे म्हणाल तर माझ्या बालपणाचे अश्रू टाकाऊ ठरतील. त्यांच्यापासून निघून आपण कोठपर्यंत आलो ते पाहायचे आहे. नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' आला तेव्हा मी साठीला आले होते. तो पाहताना मला राहवले नाही. मेलेले डुक्कर बांबूला बांधून बापलेक शाळेच्या भिंतीवरून चालले आहेत आणि भिंतीवर बाबासाहेबांची, सावित्रीबाईंची चित्रे आहेत. कोणी काही बोलत नाही. आणि शेवटी त्या पोराने भिरकावलेला दगड! त्या चित्रपटात निर्णय कोण घेते, हे विचारण्याची गरजच राहिली नाही. जब्याने रक्त देऊन स्वीकार मागितला नाही. मंजुळे यांनी आपल्या पुणे विद्यापीठातून मराठी साहित्यात एम. ए. केले आहे, हेही येथे नमूद करावेसे वाटते. साहित्याचा अभ्यास करून काय मिळते, असे विचारणाऱ्या पालकांसाठी मुद्दाम सांगते.

आणि बाबासाहेबांचे चित्रपटाशी काय नाते, असे कोणी विचारील. आचार्य अत्रे यांनी 'महात्मा फुले' हा चित्रपट काढला, त्याचा मुहूर्त १९५४ साली बाबासाहेबांच्या हस्ते झाला. बाबुराव पेंढारकर जोतीराव झाले होते आणि सुलोचनाबाई सावित्रीबाई. त्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले. जोतीरावांना आपले गुरू मानणाऱ्या बाबासाहेबांनी, प्रकृती साथ देत नसताना, एका चित्रपटाच्या मुहूर्ताला जावे, याचा अर्थ आपण समजून घेतला पाहिजे. पुस्तक ज्यांच्यापर्यंत पोहोचत नाही, त्यांच्यापर्यंत पडदा पोहोचतो, हे त्यांनी जाणले होते.

आता मी मुख्य मुद्द्याकडे येते. वाचनाची गोडी माणसाला आपोआप लागते का? बाबासाहेब मोठे वाचक होते, हे आपण प्रत्येक जयंतीला सांगतो. न्यूयॉर्कमध्ये जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून त्यांनी सुमारे दोन हजार पुस्तके जमवली. पुस्तकांसाठी दादरला 'राजगृह' बांधले. हे सर्व खरे आहे. पण ती पहिली पुस्तके त्यांच्या हातात कोणी ठेवली, हे आपण सांगतो का?

पहिले त्यांचे वडील. रामजी सुभेदारांनी पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलमध्ये शिक्षकाचे शिक्षण घेतले होते. भीमाला पुस्तक हवे असले आणि खिशात पैसे नसले, तर ते लग्न झालेल्या मुलींकडे जात, त्यांचा दागिना मागून घेत, तो गहाण ठेवीत आणि पुस्तक आणीत. दुसरे कृष्णराव अर्जुन केळुसकर, शिक्षक आणि चरित्रकार. बागेत एकटा वाचत बसणारा मुलगा त्यांनी हेरला. पुढे परीक्षेतील यशाबद्दल त्या मुलाचा सत्कार झाला, तेव्हा त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकून शिष्यवृत्ती मिळवून दिली तीही त्यांनीच. तिसरे एल्फिन्स्टन महाविद्यालयातील प्राध्यापक म्यूलर. ते आपली पुस्तके वाचायला देत आणि कपडेही देत. चौथे कोलंबिया विद्यापीठातील जॉन ड्यूई. १९५२ साली कोलंबियाची सन्माननीय पदवी स्वीकारण्यासाठी बाबासाहेब अमेरिकेला निघाले आणि त्याच दिवसांत ड्यूई निवर्तले. गुरूची भेट हुकल्याचे दुःख त्यांनी माईसाहेबांना पत्रातून कळवले. आपल्या बौद्धिक जीवनाचे सारे ऋण त्यांनी त्या एका शिक्षकाच्या पदरी टाकले.

बंधू-भगिनींनो, केळुसकरांनी त्या सत्कारात फक्त पुष्पहार दिला असता तर? पुढे १९५६ च्या अशोक विजयादशमीला नागपुरात जे घडले, त्याचे एक बीज त्या भेट दिलेल्या पुस्तकात होते, हे बाबासाहेबांनीच लिहून ठेवले आहे.

याची दुसरी बाजूही पाहा. शाळेत बाबासाहेबांना संस्कृत शिकू दिले नाही. त्यांना फारसी घ्यावी लागली. एका शिक्षकाने नकार दिला, की पिढीचे दार बंद होते. आणि आपल्या नागपूरच्या कुमुदताई पावडे! त्यांच्या १९८१ च्या 'अंतःस्फोट' या पुस्तकात त्यांनी आपल्या संस्कृत शिक्षणाची हकिकत लिहिली आहे. जुन्या वळणाचे गोखले गुरुजी. हे आपल्याला शिकवणार नाहीत, अशी मुलीला धास्ती. पण गुरुजींनी प्रेमाने शिकवले आणि ती मुलगी पुढे संस्कृतची प्राध्यापिका झाली. चांगला साहित्याचा शिक्षक माझ्या मते असा असतो. तो जात पाहत नाही, हे तर झालेच. तो पुस्तक हातात ठेवतो, मत लादत नाही आणि वाचून झाल्यावर ऐकायला थांबतो. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या मिलिंद महाविद्यालयात प्राचार्य म. भि. चिटणीस होते. त्यांनी मुलांसाठी 'युगयात्रा' हे नाटक लिहिले आणि मुलांनी ते बाबासाहेबांसमोर करून दाखवले. त्याच परिसरातून पुढे डॉ. गंगाधर पानतावणे यांचे 'अस्मितादर्श' उभे राहिले. एका चांगल्या शिक्षकामागून किती माणसे उभी राहतात, ते पाहा.

आता माझ्या हातून घडलेली एक गोष्ट सांगते. ती मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. १९९६ साली माझी मुलगी दहावीला होती. अमोल पालेकर यांचा 'बनगरवाडी' चित्रपट ती नुकताच पाहून आली होती आणि मूळ कादंबरी वाचायला तिने माझ्याच कपाटातून काढली होती. परीक्षा तीन आठवड्यांवर. मी ते पुस्तक तिच्या हातातून काढून घेतले. म्हणाले, "तुझ्या अभ्यासाचं हे आहे का? मग हे कशाला?"

ऐकलेत ना? त्या खिडकीतल्या गृहस्थांचेच वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडले. पंचवीस वर्षे मी ते मनात जपून ठेवले होते आणि माझ्याच मुलीला ते ऐकवले!

मुलगी उत्तम गुणांनी पास झाली. अभियंता झाली, चांगल्या हुद्द्यावर आहे, मला तिचा अभिमान आहे. पण त्यानंतर तिने गोष्टीचे पुस्तक हातात घेतल्याचे मला आठवत नाही. मागे एकदा मी तिला तो प्रसंग आठवतो का, म्हणून विचारले. ती म्हणाली, "आई, मास्तर वाडीवर पोचला होता, तिथपर्यंत वाचलं होतं मी." तीस वर्षे झाली तरी पान तिच्या लक्षात आहे. मी तिची क्षमा मागितली. तिने हसून विषय बदलला.

म्हणून आता संस्थेच्या निर्णयाविषयी बोलते. आपल्या विहाराच्या वरच्या खोलीत पुस्तकांची दोन कपाटे आहेत. वर्गणीतून, देणगीतून जमवलेली पुस्तके आहेत. कुलूप आहे आणि किल्ली कोणाकडे आहे, याविषयी तीन मते आहेत! आपली अभ्यासिका मात्र पहाटेपासून भरलेली असते. स्पर्धा परीक्षांची मुले जागेअभावी जिन्यात बसतात. म्हणून कार्यकारिणीपुढे असा ठराव आहे, की कपाटे हलवावीत आणि त्या जागी आणखी टेबले मांडावीत. ठराव मांडणारे तरुण कार्यकर्ते तळमळीचे आहेत, हे मी जाणते. टेबले हवीतच. जिन्यात बसून अभ्यास करणारे पोर पाहून माझ्याही पोटात तुटते.

परंतु कपाटे कोठे हलवणार? कोणाच्या तरी माळ्यावर. आणि मग आपण आपल्याच मुलांना काय सांगणार? हेच ना, की तुम्हांला क्रमिक पुस्तके आहेत, मग हे कशाला? ते वाक्य परक्याने म्हटले तेव्हा मला लागले. आपण आपल्याच विहारात ते पाटीवर लिहायचे का?

याच पुण्यात १८४८ साली जोतीराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. त्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीने १८५५ साली मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तेव्हा ती चौदा वर्षांची होती. बक्षीस म्हणून साहेब खाऊ देऊ लागला, तेव्हा तिने खाऊ नको, ग्रंथालय द्या, असे मागितले, असे सांगतात. पावणेदोनशे वर्षांपूर्वी आपल्या एका लेकीने जे मागितले, ते आज आपल्याकडे आहे आणि आपण ते कुलपात ठेवले आहे.

माझी सूचना साधी आहे. टेबले मांडा, पण कपाटे खाली सभागृहात आणा आणि त्यांची कुलपे काढा. पुस्तके चोरीला जातील, अशी भीती काही जण घालतात. जाऊ द्या! चोरून नेलेले पुस्तक निदान कोणीतरी वाचील. दर रविवारी सकाळी वंदना झाल्यावर दोन तास तेथे एक माणूस बसला पाहिजे. नुसत्या कपाटाने वाचनाची गोडी लागत नाही. समोर बसलेले माणूस लागते, ज्याने ते पुस्तक वाचलेले आहे आणि जे मुलाला म्हणेल, "हे ने, आणि आवडलं नाही तर तसं सांग." महिन्यातून एकदा याच भिंतीवर एखादा चित्रपट दाखवा आणि संपल्यावर लगेच दिवे लावून घरी पळू नका. अर्धा तास बसून बोला. या गोष्टीत निर्णय कोण घेतो, एवढेच विचारा. ज्या आजीबाईंना वाचता येत नाही, त्यांच्यासाठी कोणीतरी मोठ्याने वाचा.

आणि फक्त आपलीच पुस्तके ठेवू नका. बाबासाहेबांनी विरोधकांचे ग्रंथ त्यांच्यापेक्षा जास्त बारकाईने वाचले होते. आपल्या कपाटात 'बलुतं' हवे, 'जिणं आमुचं' हवे, 'फकिरा' हवी. त्यांच्या शेजारी माटे आणि माडगूळकरही हवेत. आणि हो, खालच्या खणात अर्नाळकरांच्या रहस्यकथाही ठेवा. एखादे पोर त्यांच्यासाठी धावत येईल आणि चुकून 'फकिरा' उचलून नेईल.

तो एक माणूस कोण, असा प्रश्न येईल. मी निवृत्त आहे. गुडघे दुखतात, जिना चढवत नाही, पण कपाटे खाली आणलीत तर रविवारी दहा ते बारा मी बसेन. माझ्या घरातली 'बनगरवाडी' त्या कपाटात मी पहिली ठेवीन. माझी नात यंदा नववीत आहे. ती रविवारी माझ्याबरोबर येणार आहे, असे तिने कबूल केले आहे. काय वाचायचे, ते तिचे ती ठरवील.



नमो बुद्धाय! जयभीम!